पृच्छा, याचना आणि तुळईखालचा बाक

तीर्थस्वरूप पान्क्रातदादा यांच्या सेवेशी,

सुखोना नदीच्या वरच्या अंगाहून आपला कनिष्ठ बंधू येव्स्तिग्नेय याचा शिरसाष्टांग नमस्कार. यापुढे ‘विनंती विशेष’ असे लिहिण्याचा शिष्टसंप्रदाय आहे. तथापि माझे जन्मभराचे व्रत आपणांस विदित असल्याने मी ‘पृच्छा विशेष’ असे लिहितो. पृच्छा अशी की, आपल्या उजव्या गुडघ्याची प्रकृती कशी आहे? आगबोटीच्या सुकाणूपाशी उभे राहून जो गुडघा आपण नदीला अर्पण केलात, तो निवृत्तीनंतर तरी तिने परत केला काय? आग्रिपिनावहिनींच्या रक्तदाबाचे वर्तन सभ्य आहे ना? त्यांनी यंदा खारवलेल्या अळंब्यांच्या किती बरण्या भरल्या? (ही निव्वळ संख्याशास्त्रीय जिज्ञासा होय. तीतून ध्वनितार्थ काढू नये. मात्र एखादी बरणी स्वयंप्रेरणेने इकडे यावयास निघाल्यास तिला अडवूही नये.) इकडील मंडळी, म्हणजे मी, खुशाल आहे.

हे पत्र काहीही मागण्यासाठी लिहिलेले नाही, हे प्रारंभीच नमूद करतो. आपल्यासारख्या निवृत्त कप्तानाच्या मनात कनिष्ठ बंधूचे जाड पाकीट पाहून जे संशय उद्भवतात, ते कृपया नांगरून ठेवावेत. प्रस्तुत लेखक एका भाषाशास्त्रीय अनुभवाचे निवेदन करू इच्छितो, इतकेच.

आपणांस ठाऊकच आहे की मी येथील वनविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांना आपली मातृभाषा शिकवितो. लाकूड कसे कापावे हे त्यांना इतर अध्यापक शिकवितात. लाकूड कोणत्या विभक्तीत पडते, हे मी. या भाषेच्या घरात काही सख्खी-चुलत क्रियापदे एकत्र कुटुंबासारखी नांदतात. सगळ्यांची चेहरेपट्टी एक, पण वृत्ती निरनिराळ्या. थोरला ‘स्प्रसीत’, हा केवळ विचारतो, उत्तर घेतो, टोपी उचलून निघून जातो. धाकटा ‘पप्रसीत’, हा मागतो, विनवितो, आणि हात पुढे करून उभा राहतो. एक चुलतभाऊ इतका चिकट की वस्तू पदरात पडेपर्यंत दारातून हलत नाही, आणि दुसऱ्याने गणवेश चढविला असून तो प्रश्न विचारू लागला की माणसे वकील शोधू लागतात. परक्याने एकाला हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, असा प्रकार नित्य घडतो.

माझा एक विद्यार्थी, स्लिमान नावाचा, अल्जीरियाहून आलेला, देवदारांच्या प्रेमाने आणि आमच्या थंडीच्या अज्ञानाने येथवर पोहोचलेला सुशील तरुण, गतवर्षी पावाच्या दुकानी गेला आणि थोरल्या क्रियापदाचा आधार घेऊन त्याने पावाविषयी विचारणा केली. मागणी नव्हे, विचारणा! दुकानातील ग्लाफीराबाई स्वभावाने वत्सल. त्यांनी गल्ल्यावर कोपरे टेकून त्याला पाव कोठे भाजला जातो, यंदाचे राय धान्य कसे निकृष्ट आले आणि भट्टीवरच्या माणसाचे बायकोशी का पटत नाही, हे सारे सविस्तर सांगितले. बालक ज्ञानसंपन्न आणि उपाशी परतला. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “मास्तर, तुमचा तो पोरगा फार गुणी हो! रांगेत उभा राहून पावाची खुशाली विचारली त्याने. आपल्यातलं कोणी कधी विचारतं का? सगळे मेले नुसते मागतात!”

मी स्लिमानला वर्गात उभे करून दोहोंतील भेद समजावून दिला. त्याने तो वहीत उतरवून घेतला, लेखणी खाली ठेवली आणि अत्यंत विनयाने म्हणाला, “गुरुजी, ते दुसरं क्रियापद तुम्हाला चालवता येतं का? नाही, वर्षभर ऐकतोय, तुम्ही उदाहरणं सगळी पहिल्याचीच देता.” (परदेशी विद्यार्थ्यांत हा एक दोष असतो. ते लक्ष देतात.)

दादा, या प्रश्नाने मी अंतर्मुख झालो. आणि आत पाहतो तो खरोखरच तेथे धाकटा भाऊ कोठेही नव्हता. मी आयुष्यभर पृच्छेवर निर्वाह केला आहे. घरातले मीठ संपले की मी रिकामी वाटी घेऊन शेजारच्या दारी जातो आणि यंदाचे मीठ अंमळ ओलसर वाटत नाही काय, अशी चर्चा आरंभितो. शेजारीण वाटीकडे पाहते आणि विषय संपतो. गाडीत जागा हवी असल्यास मी उभ्या उभ्या बसलेल्या गृहस्थास, हे आसन मऊ आहे काय, असे विचारतो. हा मार्ग सर्वदा फलदायी ठरतोच असे नाही. वर्गाच्या खिडकीची काच फुटली, तेव्हा मी प्राचार्यांकडे जाऊन, काचेविना अध्यापनाचे परिणाम काय संभवतात, अशी पृच्छा केली. ते “सर्दी” एवढे बोलून निघून गेले. तेव्हापासून त्या खिडकीत भूगोलाचा नकाशा लावलेला असून वारा सुटला की सैबेरिया फडफडतो. पण मी खंत केली नाही. पृच्छेला ‘नाही’ असे उत्तर आले, तर माणसाच्या ज्ञानात भर पडते. मागितले आणि ‘नाही’ आले, तर तेच उत्तर घरी न्यावे लागते आणि रात्री उशाशी घेऊन निजावे लागते.

आता मुख्य विषयाकडे येतो. (हा मुख्य विषय नाही. पण कोठूनतरी यावे लागते.) आमच्या डाकघराच्या खिडकीत उस्तीन्या गोर्देयेव्ना बसतात. आपण त्यांना पाहिले आहे. मागे आपली आगबोट इथल्या धक्क्याला लागली असता ज्यांनी आपल्याला, “कप्तान, भोंगा जरा हळू वाजवा, शेळीचं दूध आटतं,” असे सुनावले होते, त्याच ह्या. त्यांचे यजमान निवर्तल्याला बराच काळ लोटला. घरी एक शेळी, आणि यजमानांची वृद्ध आत्या फ्योक्ला. पैकी दुसरी चुलीवरच्या निजण्याच्या जागेवरून सहसा खाली उतरत नाही, पण तेथूनच सर्व गावाचा कारभार पाहते. मी रोज सायंकाळी दुधाला जातो. जातो, म्हणजे कुंपणापाशी थांबून शेळीच्या प्रकृतीची विचारणा करतो. उस्तीन्या तांब्या पुढे करतात आणि मला आपल्या वडिलांच्या नावाने हाक मारून म्हणतात, “बरी आहे, लुकिच. सकाळपासून तुमचीच चौकशी करत होती.” मग मी हवामानाविषयी एखादे विधान करतो, त्या त्याचे खंडन करतात, आणि मी घरी येतो. या कार्यक्रमाला कित्येक वर्षे झाली. यात काही न्यून आहे, असे मला कधी वाटले नाही. सूर्य रोज उगवतो, त्याला कोणी अर्ज करतो काय?

परंतु गेल्या महिन्यात पावाच्या रांगेत मला कळले की उस्तीन्याची लेक, जी मुर्मान्स्कला दिली आहे, तिला जुळे झाले असून तिने आईला कायमचे तिकडे बोलाविले आहे. नदी गोठण्यापूर्वी निघायचे, घर बंद करायचे, शेळी द्यायची कोणाला तरी. फ्योक्लाआत्याने चूल सोडून कोठेही येणार नाही, असे जाहीर केले होते. तिला कोणाकडे ठेवायचे, यावर रांगेत मतभेद होते. मी पाव घेऊन घरी आलो. त्या संध्याकाळचे दूध मला नासलेले वाटले. वस्तुतः ते ताजे होते.

मी किंकर्तव्यमूढ झालो. नेहमीच्या पद्धतीने जाऊन, आपण कोठे निघालात, असे विचारावे, तर प्रवासाला निघणाऱ्यास ‘कुठे’ म्हणून विचारू नये, वाटेला नाट लागते, हा आपल्याकडचा दंडक. आपण स्वतः आगबोटीवर एका तिकीट-तपासनिसाला एवढ्याच कारणावरून धक्क्यावर उतरवून ठेवले होते. म्हणजे पृच्छेचा राजमार्ग बंद. उरला तो धाकटा भाऊ. “जाऊ नका” म्हणायचे. हे म्हणजे उघड उघड मागणे झाले. त्यातून मागायची वस्तू मीठ नव्हे, काच नव्हे; एक सबंध बाई, तिच्या संमतीसह.

तालीम म्हणून मी वर्गात शुद्धलेखन घातले. ‘आपण येथेच राहावे, अशी मी आपणांस प्रार्थना करतो,’ हे वाक्य सर्वांनी दहा वेळा लिहावे. स्लिमानने मान वर केली.

“गुरुजी, हे वाक्य कोणासाठी आहे?”

“व्याकरणासाठी,” मी म्हणालो.

“ह्या व्याकरणाकडे शेळी आहे का हो?”

वर्ग हसला. मी सैबेरिया नीट खोचला आणि तास सोडून दिला.

गेल्या शनिवारी दुपारी मी उस्तीन्याच्या घराकडे निघालो. वाटेत सवयीने दुकानातून रात्रीच्या जेवणासाठी काळा पाव घेतला आणि काखोटीला मारला. मनात दोन्ही क्रियापदांचा कलह चालू होता. पृच्छा म्हणे मी पुढे होते, याचना म्हणे मला एकदा तरी संधी दे. या वादात मी पायऱ्या चढलो, जोडे पुसले आणि आत गेलो. घरात कोबीचा प्रलय उसळला होता. खारवण्याचे दिवस, खिडकीलगतच्या बाकावर कोबीचे गड्डे, चुलीलगतच्या बाकावर अर्धवट भरलेली ट्रंक. (ती मी पाहिली. पाहिल्यावर मला काही काळ दुसरे काही दिसले नाही.) मी सरळ चालत जाऊन मोकळा होता त्या बाकावर बसलो आणि पाव मांडीवर ठेवला.

कोबी चिरणाऱ्या सुरीचा आवाज थांबला. चुलीवरून कोणीतरी उठून बसल्याचा ध्वनी आला.

“अगं उस्तीन्या, बघ तरी! मास्तर तुळईखाली बसलाय.”

“दिसतंय मला, आत्या.”

“पाव मांडीवर घेऊन बसलाय.”

“तेही दिसतंय.”

“मग कोबीत काय हात घालून बसलीस? ऊठ, हात धू!”

मला वाटले, कोबीविषयी काही घरगुती वाद चालला आहे. मी कंठशोधन केले आणि थोरल्या क्रियापदाला पुढे पाठविण्याच्या बेतात तोंड उघडले.

“गप!” आत्या वरून कडाडली. “तू बोलायचं नसतं! ज्याला पाहिजे असतं त्याने तोंड मिटून बसायचं, एवढंही कॉलेजात शिकवलं नाही होय रे? तुझं थोरलं माणूस कोण आहे?”

“माझे वडील बंधू कोत्लासला असतात,” मी म्हणालो.

“जिवंत आहे का?”

“नववर्षाला तरी होते.” (दादा, क्षमा असावी. प्रश्नच तसा आला.)

“पाय चालतात?”

“एक चालतो.”

“एक पुरे. आवाज?”

“आगबोटीचा.”

“झालं तर मग! त्याला बोलव. बोलायचं ते तो बोलेल.”

तोवर उस्तीन्याने हात धुतले, कोरडे केले, आणि माझ्यापुढे येऊन माझ्या मांडीवरचा पाव उचलला. तो हातात तोलत ती म्हणाली, “लुकिच, हा तुमच्या रात्रीच्या जेवणाचा ना?”

मी होय म्हणालो. सत्य तेच होते.

“मग रात्री काय खाणार?”

मी पावाकडे पाहिले. ती हसली. डाकघराच्या खिडकीत ती हसत नाही, शिक्का वाकडा पडतो म्हणून. त्यामुळे मला हे दृश्य फारसे परिचित नव्हते. तिने पाव छातीशी धरला, सुरी आपल्याकडे ओढत एक जाड चकती कापली, वर मीठ भुरभुरले आणि माझ्या हाती दिली. मी ती खाऊ लागलो. आत्याने वरून क्रूसाची खूण केली. अर्धी चकती पोटात गेल्यावर मी सहज मान वर केली, आणि माझ्या मस्तकाच्या नेमके वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, घराची मधली तुळई होती.

दादा, आईने आपल्याला जे शिकविले, ते मला तेव्हा आठवले. पाहुण्याने दाराशी थांबावे. तुळई ओलांडून, न सांगता, तिच्याखालच्या बाकावर बसतो तो एकाच कामासाठी आलेला असतो, आणि पाव घेऊन बसला तर शंकेला जागाच नाही. पाव अखंड परत आला, तर नकार. कापला, तर होकार. दोन क्रियापदांपैकी कोणते वापरावे या विचारात मी एकही न वापरता मागणी घालून बसलो होतो, आणि ती मान्य झाली होती, आणि मी ती मीठ लावून खात होतो.

माझ्या चेहऱ्यावरून उस्तीन्याला सारे कळले असावे. ती बाजूला बसली आणि आत्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “मला ठाऊक आहे, चुकून बसलात. अजून उठलात तरी चालेल. आत्याला मी समजावीन. म्हातारी आहे, दोन दिवस बडबडेल, मग विसरेल. उरलेला पाव बांधून देते.”

ट्रंक चुलीपाशी तशीच उघडी होती. बाहेर शेळी ओरडत होती. बाक अरुंद होता, पाठीला भिंत टोचत होती, आणि दार अगदी समोर होते.

मी उठलो नाही.

(आपण सांगाल की न उठणे ही काही कृती नव्हे. पण दादा, एकदा बसून पाहावे.)

मग मी तिला म्हणालो, “आणखी एक चकती द्या.” तिने दिली. आत्या वरून म्हणाली, “खातोय बघ कसा! आणि इतकी वर्षं नुसतं दूध पीत होता मेला.” हे ‘द्या’ कोणत्या क्रियापदाच्या घराण्यातले, ते मला घरी पोहोचून जोडे काढताना उमगले. उपाशी निजावे लागले, पण फारच स्वस्थ झोप लागली.

लोकाचाराच्या अभ्यासकास उपयुक्त म्हणून एवढे नोंदवितो की, अशा प्रसंगी पाव कापल्यावरही काम पुरते होत नाही. मुलाकडील वडीलधाऱ्याने (प्रस्तुत प्रकरणी मुलाचे वय अर्धशतकापलीकडे गेले आहे, हा भाग वेगळा) शरदातल्या पक्रोवच्या सणापूर्वी येऊन, त्याच तुळईखाली उभे राहून, चार माणसांदेखत मुलीला रीतसर मागावे लागते. तोवर आत्या ट्रंकेचे झाकण लावू देत नाही आणि ती रिकामीही करू देत नाही. ही माहिती केवळ सांस्कृतिक आहे. तीमुळे आपण आपला दिनक्रम यत्किंचितही बदलू नये.

वहिनींस नमस्कार. गुडघ्यास आशीर्वाद. ऋतू प्रसन्न आहे. बर्च पिवळे झाले आहेत आणि नदी अद्याप वाहते आहे.

आपला निरिच्छ बंधू,
येव्स्तिग्नेय

ता. क. आपला काळा कोट, ज्याला दोन ओळी पितळी गुंड्या आहेत, तो आपणांस अजून होतो काय? सहज विचारले.

पुनश्च ता. क. नदी गोठण्यापूर्वीची शेवटची आगबोट कोत्लासहून कधी सुटते, आणि माजी कप्तानांना तीत बसावयास मिळते काय? हीदेखील पृच्छाच.

पुनः पुनश्च. वरील दोन्ही ओळी लिहून मी घरात बऱ्याच चकरा मारल्या. दादा, परंपरेने मला तिला मागण्यापासून सूट दिली आहे. ते काम आपले. पण तिला मागण्यासाठी आपण हवे, आणि आपल्याला बोलावण्याचे काम परंपरेने दुसऱ्या कोणाकडे सोपविलेले नाही. मी शोधून पाहिले. तरी या. मी आपणांस विनवितो. लिहिले. आता हे खोडण्यापूर्वी पाकिटात घालतो. पाकीट डिंकाअभावी उघडेच डाकघरात देत आहे. उस्तीन्या गोर्देयेव्ना दुसऱ्यांची पत्रे वाचीत नाहीत.

*

पान्क्रातदादा, नमस्कार. वाचलं. सरकारी डिंक लावायच्या आधी चार ओळी माझ्या.

सोमवारीच मी ऑफिसातून वहिनींना फोन केला होता. तुम्ही शनिवारच्या बोटीने येताय, कोट उसवून मोठा केलाय, अळंब्या दोन बरण्या येतायत, सगळं ठरलं आमचं. ह्यांना सांगितलं नाही, कारण ह्यांनी विचारलं नाही. लेकीलाही कळवलं; ती म्हणते, मग जुळ्यांना घेऊन मीच येते उन्हाळ्यात. तेव्हा माझ्यासाठी म्हणाल तर मागणी घालायची आता काही गरजच उरली नाही.

तरी पण या, आणि घराबाहेर शेळी दचकेल इतक्या मोठ्याने मागा. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून नाही. ह्यांना एकदा ऐकायचंय, कसं मागतात ते.

— उस्तीन्या